कुंकू लावलेली फ्लॉपी

अर्धांगाच्या दुसऱ्या झटक्यात बाबांची वाचा गेली, उजवा हात गेला, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता आठवणीही हळूहळू जातील. बाबा रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतर आम्ही जयपूरलाच, शास्त्री नगरात राहिलो होतो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. दिल्लीच्या भावाने त्याच्या ऑफिसातून निघालेला एक कॉम्प्युटर आणून बसवला आणि बाबा डाव्या हाताच्या एका बोटाने त्यावर लिहू लागले, इंग्रजी अक्षरांत मराठी. आठवतंय तोवर सगळं उतरवून ठेवायचं होतं त्यांना. कुणी डोकावलं की पडद्यावर पंजा ठेवायचे. पुरं झाल्यावर वाचा, असं एकदा टाइप करून दाखवलं होतं.

ते यंत्र स्वतःहून जागं होत नसे. आधी त्याच्या फटीत सिस्टीमची फ्लॉपी घालायची, मग बाबांच्या लिखाणाची.

खंडेनवमीला आईने पूजेसाठी विळी, कात्री, बाबांची शिट्टी मांडली आणि म्हणाली, "ह्यांचं यंत्र पण आण." ते धूड कोण उचलणार, म्हणून मी सिस्टीमची फ्लॉपी तिच्या कागदी पाकिटासकट आणली.

"पाकिटाची कसली पूजा करायची? बाहेर काढ."

बोट लावू नका, असं भावाने बजावलं होतं. पण सणासुदीला आईशी हुज्जत घालायचा मला कंटाळा. मी काढून दिली. फ्लॉपीला एक लांबट खिडकी असते, आतली तपकिरी तबकडी तिथे उघडी दिसते. आईने नेमकं तिथेच ओलं हळदकुंकू लावलं.

दसऱ्याला दुपारी बाबा लिहायला बसले. मी फ्लॉपी पदराने पुसून आत घातली. यंत्र कण्हलं आणि पडद्यावर आलं की सिस्टीमची फाइल सापडत नाही. भावाने एक जादा प्रत दिली होती, ती घातली. तीही गेली. मग मला आठवलं की त्याच फायली त्याने बाबांच्या फ्लॉपीवरही ठेवल्या होत्या. तिच्यावरून यंत्र सुरू करायचं, चांगल्या फायली बिघडलेल्या फ्लॉपीवर उतरवायच्या, झालं काम. मी स्वतःला फार हुशार समजत होते.

बाबांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला आणि नको अशी मान हलवली.

"दोनच मिनिटं, बाबा," म्हणत मी तो हात बाजूला केला आणि त्यांची फ्लॉपी आत सरकवली.

चार दिवसांनी मेकॅनिक आला. त्याने यंत्र उघडलं, काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवून आत फिरवला. कापूस लाल झाला. वाळलेल्या कुंकवाचे कण आत चिकटून बसले होते आणि मी घातलेली प्रत्येक फ्लॉपी त्यांनी खरवडून काढली होती.

"पहली के बाद रुक जातीं बहनजी, तो बाकी दोनों बच जातीं," तो म्हणाला. रागाने नाही, सहजच.

त्याच्याकडच्या फ्लॉपीवरून यंत्र चालू झालं, अगदी ठणठणीत. बाबांच्या फ्लॉपीवर मात्र एक गोल पांढुरका ओरखडा होता. त्याने तासभर खटपट केली. एक अक्षरही परत आलं नाही. आई स्वयंपाकघरात त्याच्यासाठी चहा करत होती. कुंकवाचं मी तिला कधीच सांगितलं नाही. तिच्यावर राग काढायची मला फार इच्छा होती, पण फ्लॉपी पाकिटातून मीच काढली होती आणि बाबांचा हातही मीच बाजूला केला होता.

बाबांना सांगितलं. कोरी फ्लॉपी घालून म्हटलं, "पुन्हा लिहा, बाबा. वेळ आहे आपल्याकडे."

ते बसले. बोट बराच वेळ अक्षरांवर नुसतं फिरत राहिलं. मग एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, कुठपर्यंत आलो होतो? आणि वळून, मी सांगेन म्हणून, माझ्याकडे बघत राहिले.

मी एक ओळही वाचलेली नव्हती.