लेकीच्या घरचा मॅक

कॉम्प्युटरचं बटण दाबण्याआधी भाऊ कॅबिनेटला हात लावायचे आणि तोच हात छातीला लावायचे. मग म्हणायचे, "चालू होते. काहून नाई होणार?"

कॉम्प्युटर चालू व्हायचा नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच हात, तीच छाती, तेच वाक्य. आशावादी माणसं मला मुळातच फारशी सहन होत नाहीत, आणि हा माणूस तर रोज माझ्याच दुकानात, माझ्याच स्टुलावर बसून आशा करायचा. तुमच्या ओळखीतही असा एखादा असेल. त्याला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आमचं मालेगाव म्हणजे ते मोठं नव्हे, वाशीम रोडवरचं, मालेगाव जहांगीर म्हणतात ते. बसस्टँडजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आणि रस्त्यापलीकडे भाऊंचा फोटो स्टुडिओ. तालुक्यातली निम्मी लग्नं त्यांच्या कॅमेऱ्यातून गेलेली. त्यामुळे लग्नातली एकूण एक रीत त्यांना तोंडपाठ होती. भटजी घाईत पुढे निघाले, तर हे कॅमेऱ्यामागून ओरडणार, "थांबा महाराज, कानपिळी राह्यली ना!" नवरीच्या भावाला शोधून आणणार, नवरदेवाचा कान पिळायला लावणार आणि मगच शूटिंग पुढे. कुणी वैतागलं तर म्हणायचे, "रीत चुकली त बाप्पा, क्यामेऱ्यात कायमची चुकते."

पुढे ड्रोनवाली पोरं आली. भाऊंचा खांदा निकामी झाला, कॅमेरा पेलवेना. स्टुडिओत पासपोर्ट फोटोपुरती वर्दळ उरली. अशात अमरावतीच्या एका मोठ्या स्टुडिओनं त्यांना बसून करायचं काम देऊ केलं. लग्नाचं चित्रण ते पाठवणार, भाऊंनी कापून-जोडून परत द्यायचं. अट एकच होती. तिकडचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर फक्त मॅकवर, म्हणजे त्या सफरचंदवाल्या कॉम्प्युटरवर चालायचं.

भाऊंकडे होता मी जोडून दिलेला पीसी. त्यावर विंडोज सुखानं नांदत होतं. पण मोबाईलवर कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी पाहिलं, की साध्या पीसीवरही मॅकची सिस्टीम, मॅकओएस, चढवता येते. दुसऱ्या दिवशी कॅबिनेट बगलेत मारून हजर.

"भाऊ, ती सिस्टीम तिच्या स्वतःच्या मशीनसाठी बनवलेली असते," मी म्हटलं. "तुमच्या डब्यात पाच दुकानांचा माल आहे."

"मंग? माणूस काय एकाच दुकानचा रायते?"

लागलो कामाला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावायच्या आणि मध्येच थिजायच्या. भाऊंना इंग्रजी बेताचंच, पण कोणत्या ओळीवर थांबलं ते त्यांच्या अचूक लक्षात राहायचं. "काल याच्या वरच्या ओळीले अटकलं होतं. पुढं सरकलं गड्या!" दोष त्यांच्या ग्राफिक कार्डाचा होता. त्या कंपनीच्या कार्डांना मॅकओएस ओळखच देत नाही. अकोल्याच्या एका भंगारवाल्याकडून मी चालणारं जुनं कार्ड मिळवलं, तेव्हा एकदाचं पडद्यावर सफरचंद उगवलं. भाऊंनी स्टँडवरून पेढे आणले. मी पेढा तोंडात टाकला आणि लक्षात आलं, आवाजच येत नाही.

आवाज नाही तर नाही, भाऊंनी पूर्वी टिपलेलं एक जुनं लग्न तसंच कापायला घेतलं. पडद्यावर सनई वाजत होती, बायका गात होत्या, नवरीचा बाप रडत होता, आणि सगळं मुकं. भाऊ मात्र ओठ बघून मंगलाष्टकं म्हणत होते. मला हसू येत होतं, आणि खरं सांगायचं तर त्या माणसाची दयाही येत होती.

त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन पुण्यात होती. शाळेत असतानाच तिची आई गेली, तेव्हापासून वेण्या घालण्यापासून डबा भरण्यापर्यंत सगळं भाऊंनीच केलं. आता ती नोकरीला होती आणि तिच्या घरी एक मॅक चक्क पडून होता. नवा घेतल्यावर जुना कपाटात ठेवलेला. "पाठवून देते बाबा," असं ती दर फोनवर म्हणायची. स्पीकर चालू असायचा, त्यामुळे मलाही ऐकू यायचं.

आणि भाऊंचं उत्तरही ठरलेलं होतं. "लेकराले हात लावल्याबिगर लेकीच्या घरचा घोट घेत नसतात, माय. तुह्या घरी पाळणा हालू दे, मंग मॅक काय, पंगतीले बसतो."

तुम्ही म्हणाल, आता कोण पाळतं हे? भाऊ पाळायचे. पुण्याला गेले तर सोबत भाकरी, ठेचा आणि पाण्याची कॅन. लेकीच्या सोफ्यावर बसून आपली भाकरी खायची, आपलं पाणी प्यायचं आणि त्याच संध्याकाळच्या गाडीनं परत. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "आयुष्यभर लोकाइच्या बापाइले रीत पाळाले लावली. आन माह्यावर आली त मीच मोडू?"

आवाजाचं जमलं, तर सॉफ्टवेअर म्हणालं, सिस्टीम जुनी आहे, नवी टाका. माझी वाट न पाहता भाऊंनी छातीला हात लावून अपडेटचं बटण दाबलं. झालं, सफरचंद मावळलं. पुन्हा काळा पडदा. मी त्यांना स्पष्टच सांगितलं, की जुनं कार्ड नव्या सिस्टीमला चालत नाही, जुनी सिस्टीम सॉफ्टवेअरला चालत नाही, आणि यापुढच्या मॅकओएसमध्ये आपल्या प्रोसेसरच्या जातीलाच दार बंद आहे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

"होते," भाऊ म्हणाले. "तू फक्त घाई नको करू."

दिवाळीत मुलगी आली. भाऊ माझ्याच दुकानात मशीन उघडून बसले होते. ती तडक तिथे आली, पिशवीतून मॅक काढला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"घ्या बाबा. अमरावतीवाले किती दिवस थांबतील?"

भाऊ हसले. "तुले सांगतलं ना, एकदा पाळणा..."

"नाही हलणार पाळणा," ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगून टाकलं. आम्हा दोघांचेही उपाय झाले सगळे." मग एकदम तिची पुण्याची भाषा गळून पडली. "मंग तुमी माह्या घरचं पाणी कधीच पेणार नाई का, बाबा?"

भाऊंनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि आधीच घट्ट असलेला एक स्क्रू पिळत बसले. शेवटी तिनं मॅक पिशवीत घातला आणि डोळे पुसत घराकडे निघून गेली.

मी भाऊंवर भडकलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "अहो, काय दगड आहात का तुम्ही? घ्यायचा होता!"

"माह्या तोंडातून किती खेपा निंगालं असन ते," भाऊ म्हणाले. "दर फोनवर. आन ती गुमान आयकत राह्यली." त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "पण आता घेतला त काय होईन, सांग बरं? आजवर नाई घेतलं, आन आज तिनं असं सांगतल्यावर घेतलं, म्हंजे बापानंबी आस सोडली. असंच वाटन ना तिले?"

ग्राफिक कार्ड बदलता येतं. याला मी कुठे हात घालणार होतो? घेतलं तरी लेकीचं काळीज दुखणार, नाही घेतलं तरी दुखणारच.

अमरावतीवाल्यांनी काम दुसऱ्याला दिलं. भाऊ तरी येतच राहिले. आता कशासाठी, हे मी विचारलं नाही. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावायच्या, थिजायच्या, भाऊ बघत बसायचे. कॅबिनेटला हात लावणं मात्र बंद झालं होतं.

उन्हाळ्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. मुलगी येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेली. भाऊंनी अट घातली, गाडीतून थेट दवाखान्यात, घरी उतरायचं नाही. गाडीत बसताना मला म्हणाले, "मशीन भंगारात देजो नको." एवढंच. ते परत आले नाहीत.

दिवसपाणी आटोपल्यावर मुलगी स्टुडिओ आवरायला आली. मशीनचं काय करायचं, ते विचारायला माझ्याकडे डोकावली आणि स्टुलावर बसली ती बसलीच. दवाखान्यात शेवटपर्यंत भाऊ कँटीनचंच खात होते, म्हणाली. तिनं डबा नेला की तोंड फिरवायचे.

"शेवटच्या दिवशी पाणी मागितलं, दादा. मी तांब्या पुढे केला. म्हणाले, कुठलं हाय? मी म्हटलं, दवाखान्यातलं. मग प्यायले. सगळा तांब्या संपवला. म्हणाले, इथल्या दवाखान्याचं पाणी लय गोड हाय, माय."

तिनं पिशवी मांडीवर ओढली. "घरून भरून नेलं होतं मी. खोटं बोलले त्यांच्याशी. शेवटच्या दिवशी फसवलं मी बाबांना."

तो तांब्या तिच्या पिशवीतच होता. फिरकीच्या झाकणाचा, स्टीलचा. मी हातात घेऊन पाहिला. तिच्या लग्नात भाऊंनीच दिलेला होता. त्यावर ठसठशीत अक्षरांत तिचं नाव कोरलेलं होतं आणि खाली 'बाबांकडून'.

"पिताना त्यांनी कसा धरला होता?" मी विचारलं.

"असा. दोन्ही हातांनी," ती म्हणाली, आणि तिचे अंगठे बरोबर त्या अक्षरांवर आले.