रिकामा नसलेला फोल्डर

आईच्या मानेवर गाठ आली तेव्हा तिने ती पदराखाली झाकली आणि बाजार चालू ठेवला. आम्ही वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली माणसं. ती मासळी विकते, मी अंधेरीच्या एका ऑफिसात प्रोग्रॅम लिहिते. ती अंबाडा बांधत होती म्हणून मला गाठ दिसली, नाहीतर तिने सांगितलंच नसतं. भांडून तिला जवळच्या एका लहान हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सुई घालून गाठीतलं थोडंसं काढलं आणि बाहेरच्या लॅबकडे तपासायला पाठवलं. म्हणाल्या, "आठवड्याभरात रिपोर्ट येईल. तो आला की औषध ठरवू."

आठवडा झाला. आई रिपोर्ट आणायला गेली. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनकडे बघून सांगितलं, "आला नाही." पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्या मुलीने विचारलं, "मावशी, तुम्ही नक्की नमुना दिला होता ना?"

आई घरी आली ती धुमसतच. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "मना खोटी समजतान गो. मानेला भोक पाडलं ते काय मी घरी पाडलं?"

गाठ एव्हाना लिंबाएवढी झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघता निघता मी लॅबला फोन लावला. पलीकडचा माणूस वैतागून म्हणाला, "मॅडम, आम्ही नमुना मिळाल्यावर लगेच रिपोर्ट तयार केलाय. हॉस्पिटलच्या फोल्डरमध्ये टाकलाय. त्यांनी उचलला नाही तर आम्ही काय करणार?"

फोल्डरमधून उचलणं. हे ऐकलं आणि माझे पाय रस्त्यातच थांबले. कारण त्या लॅबचे रिपोर्ट वेगवेगळ्या हॉस्पिटलांना पोचवण्याचं काम आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर करतं. त्यातला बराच भाग मी लिहिलेला आहे.

काम तसं साधं असतं. आमचा प्रोग्रॅम ठरावीक वेळाने लॅबच्या सर्व्हरला विचारतो, अमुक हॉस्पिटलच्या फोल्डरमध्ये काय काय आहे? सर्व्हर यादी पाठवतो. फाइलचं नाव, आकार, तारीख, आणि ती कोणी वाचायची, कोणी बदलायची याची परवानगी दाखवणारी अक्षरं. प्रोग्रॅम त्यातल्या नव्या फाइली उचलतो आणि हॉस्पिटलला नेऊन देतो.

ऑफिसात पोचल्या पोचल्या मी त्या हॉस्पिटलच्या नोंदी उघडल्या. प्रत्येक फेरीपुढे हिरवी खूण होती आणि शेजारी लिहिलं होतं, "नवीन फाइली: शून्य." सगळं ठणठणीत. कुठे काही बिघडलंय असा संशयसुद्धा येऊ नये असं.

मग मी स्वतः त्या सर्व्हरवर गेले आणि हाताने यादी मागितली. उत्तर आलं, यादी पाठवली, काम यशस्वी. आणि यादी कोरी. म्हणून मी एक पायरी वर आले आणि बाहेरून त्या फोल्डरची परवानगी बघितली. आत शिरायला आम्हाला मुभा होती, पण आत काय आहे ते वाचायची मुभा काढून घेतलेली होती. लॅबने मध्यंतरी सर्व्हर बदलला, त्यात ही एक परवानगी उडाली होती. आणि तो सर्व्हर असा, की "तुला बघायची परवानगी नाही" असं तोंड उघडून सांगत नाही. रिकामी यादी हातात देतो आणि गप्प बसतो.

पण नाव माहीत असेल तर अशा फोल्डरमधल्या एखाद्या फाइलबद्दल विचारता येतं. आईच्या पावतीवरचा नमुन्याचा क्रमांक माझ्या मोबाइलमध्ये होता. त्यावरून फाइलचं नाव बनवलं आणि सर्व्हरला फक्त एवढंच विचारलं, ही फाइल आहे का, कधीची आहे?

होती. सुई टोचल्याच्या दोन दिवसांनंतरची तारीख.

ती एकटी फाइल ओढून आणता आली असती. हात शिवशिवत होते. पण आईचा रिपोर्ट आला असता आणि बाकीच्यांचे तिथेच राहिले असते. त्या फोल्डरमध्ये आणखी कोणाकोणाचं काय अडकलंय ते मला दिसतच नव्हतं.

आणि खरा संताप आला तो यानंतर. कारण हे असं होऊ शकतं हे मला माहीत होतं. यादी कोरी आली तर तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, वर जाऊन फोल्डरची परवानगी बघायची, आणि वाचता येत नसेल तर लाल इशारा द्यायचा, हे मीच लिहिलं होतं. ते कुठे गेलं? जुने बदल शोधले. आमच्या टीमच्या प्रमुखाने ते काढून टाकलं होतं. कारणही लिहिलं होतं: "क्लायंटच्या स्क्रीनवर उगाच लाल दिसतं."

मी त्याच्या टेबलापाशी गेले.

"तू हे काढलंस?"

त्याने बघितलं. "हां, ते. अगं, डेमोच्या दिवशी लाल-लाल दिसत होतं सगळं. बरं नाही वाटत ना."

"मला विचारलंस?"

"एवढ्याशा गोष्टीसाठी? चिडतेस काय यार? बग आहे, होतो कधीकधी."

"बग नाहीये हा. हाताने काढलंयस तू. लोक आजारी आहेत आणि आपण त्यांना सांगतोय की काही आलंच नाही."

आजूबाजूचे कीबोर्ड थांबले. माझा आवाज चढला होता. बाजारात मासळी विकणाऱ्या बाईची मुलगी आहे मी, चढला की चढतो.

त्याने लॅबच्या सर्व्हरवाल्याला स्पीकरवर घेतलं. तो माणूस ऐकून घेऊन म्हणाला, "एवढंच ना? मी सगळे फोल्डर सगळ्यांना उघडे करून टाकतो. कटकटच नको."

प्रमुख म्हणाला, "झकास."

"झकास काय?" मी म्हणाले. "म्हणजे कुठल्याही हॉस्पिटलवाल्याने कुणाचाही रिपोर्ट वाचायचा? माझ्या आईचा रिपोर्ट आहे त्यात. फक्त आमच्या खात्याला, फक्त या फोल्डरची वाचायची परवानगी द्या. दुसरं काही उघडू नका."

आई म्हटल्यावर दोघेही लगेच तयार झाले. त्याचाही मला राग आला. रिपोर्ट माझ्या आईचा नसता तर?

परवानगी मिळाली आणि यादी आली. स्क्रीन भरून खाली सरकत गेली. किती तरी नमुने, किती तरी माणसं. मी फाइली आणायला लावणार तेवढ्यात प्रमुखाने खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि आवाज खाली आणला. "ऐक ना. मूळ तारखा ठेवू नकोस. आणताना आजची तारीख पडू दे. रिपोर्ट आले, विषय संपला. उगाच लॅबची, आपली, सगळ्यांची वाट लागेल."

फाइल आणताना तिची मूळ तारीख जपायची की आजची टाकायची, ही प्रोग्रॅममधली एक ओळ असते. ती ओळ मी बदलली नाही. "तारीख जशी आहे तशीच जाईल," म्हणाले आणि त्याच्या डोळ्यांदेखत बटण दाबलं.

संध्याकाळी आईला घेऊन हॉस्पिटलात गेले. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला, मग फाइलची तारीख वाचली. "हा तर केव्हाचा तयार आहे," त्या म्हणाल्या. "गाठीचा टीबी आहे. औषधाने जाईल, पण हे औषध तेव्हाच सुरू व्हायला हवं होतं." फाइलींच्या तारखा बघून त्यांनी बाकीच्या पेशंटना त्याच दिवशी फोन करायला लावले. काउंटरवरची मुलगी माझ्या आईची नजर चुकवत होती. तिच्यावर रागवण्यात अर्थ नव्हता, तिला स्क्रीनने जे सांगितलं ते तिने आईला सांगितलं होतं.

रिक्षात आईने विचारलं, "नक्की काय झालं होतं गो?"

मी जमेल तसं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. "मंजे त्याला आतलं दिसत नवतं?"

"नव्हतं."

"मंग दिसत नाय असं सांगाचं ना मेल्याने. काय नाय असं कशाला सांगाचं?" आणि त्यानंतर तिने प्रोग्रॅमला की प्रमुखाला, कोणाला ते कळलं नाही, अशी शिवी हासडली की रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं.

लॅबने खुलासा मागितला. मीटिंगमध्ये प्रमुखाने "तांत्रिक अडचण" असे शब्द वापरले. मी मध्येच बोलले आणि झालं ते सगळं सांगितलं, कोणी काय काढलं आणि का तेही. प्रोग्रॅममधून काढलेली माझी तपासणी पुन्हा बसवली गेली. आता यादी वाचता आली नाही की स्क्रीन लाल होते, कोणाला बरं वाटो न वाटो. मला मात्र महिन्याभरात दुसऱ्या टीममध्ये टाकलं. कारण सांगितलं, माझं बोलणं कडवट असतं.

असतं. आई सकाळी औषध घेते, त्याने लघवी नारिंगी होते म्हणून कुरकुर करते आणि टोपली घेऊन बाजारात जाते. गाठ उतरतेय. तो प्रमुख कॅन्टीनमध्ये समोर आला की हसून मान हलवतो. मी हलवत नाही.