पाय उचलला की सुटलं पाहिजे: जीपच्या लॉकरसाठी वडूज ते तासगाव

लॉकर बसवायचा, हे गेल्या पावसाळ्यातच ठरलं होतं. कोणता बसवायचा, हे ठरवेपर्यंत होळी जवळ आली. मी अशीच आहे. भाजी घेतानाही दोनदा परत फिरून बघते.

मी वडूजजवळच्या एका वस्तीवर राहते आणि जनावरांची डॉक्टर आहे. माझी जीप जुनी, फोर-बाय-फोर, पण हौसेची नाही. सकाळी ती मला गोठ्यांवर नेते, दुपारी आईला बाजारात, आणि मधल्या वेळात तिच्यात पेंडीची पोती असतात. श्रावणात एका वस्तीवर म्हैस अडली होती. वाटेतल्या ओढ्यात जीप तिरकी झाली. मागचं एक चाक अधांतरी, पुढचं एक चिखलात. मोकळी चाकं गरागरा फिरत राहिली आणि जमिनीवर टेकलेली ढिम्म हलली नाहीत. ट्रॅक्टरनं ओढून काढेपर्यंत उशीर झाला. म्हैस वाचली, रेडकू गेलं. मालक मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

ज्यांना हे प्रकरण नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वळताना गाडीचं बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. दोघांना आपापल्या वेगानं फिरू देतो तो डिफरेन्शियल. आमचे तात्या हे खळ्यात मधल्या खांबाभोवती एका दाव्यात फिरणाऱ्या बैलांवरून सांगतात: "मेढीजवळचा बैल जाग्यावर फिरतो, कडंचा पळतो. दोघांस्नी एका चालीनं चालवलंस तर पात मोडंल." पण ही मोकळीक ओढ्यात अंगावर येते, कारण सगळा जोर हवेतल्या चाकाला जातो. लॉकर दोन्ही चाकांना एकत्र बांधतो. मग टेकलेलं चाक गाडीला बाहेर काढतं. फक्त डांबरी वळणावर ही गाठ सुटलेली हवी. नाहीतर स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जायला बघते.

माझी सगळी काळजी त्या "नाहीतर"मध्ये होती. कारण जीप मी एकटी चालवत नाही, तात्याही चालवतात.

तात्या म्हणजे माझे वडील. मी लहान असताना आम्ही मेंढरं घेऊन फिरायचो. शाळा मला उशिरा मिळाली. त्याआधीची माझी अक्षरं तळावरची, तात्यांनी काठीनं मातीत काढलेली. "आधी उतर, बघ, मग जनावर पाण्यात घाल," हा त्यांचा पहिला धडा. पुढे मेंढरं विकली, तेव्हा त्यांनी तासगावच्या द्राक्षबागांत कित्येक वर्षं ट्रॅक्टर चालवला. मला जीपही त्यांनीच शिकवली, त्याच धड्यानं. आता त्यांचं वय झालंय. गेल्या वर्षभरात ते दोनदा औषधाची पिशवी विसरले, एकदा स्वतःच्या बहिणीचं नाव. मी हे घरात कुणाला बोलले नव्हते. पण आईला शेजारी बसवून तात्या घाटातून येतायत आणि मागे लॉक लागलेलंच राहिलंय, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"दुकानात जाऊन बघू की," तात्या म्हणाले. "मोबाईलात बघून म्हस इकत घेतं का कोण?"

निघालो. मी चारही चाकांचे नट तपासले, मग स्टेपनी, मग परत नट.

"इमान उडवायला निघालीस व्हय गं?" तात्या आत बसून म्हणाले.

वडूजहून पुसेसावळीमार्गे कऱ्हाड गाठायचं. रस्ता एकंदर चांगला आहे, पण उसाच्या हंगामात जात असाल आणि घाई असेल तर पहाटे निघा. ट्रॉल्यांच्या मागे लागलात की ओव्हरटेकची जागा शोधण्यातच जीव जातो. पुसेसावळीत चहा आणि गरम भजी घेतली. तात्यांनी माझ्या वाटची मिरचीही खाल्ली, कारण मला काही जात नव्हतं.

कऱ्हाडला लागूनच मलकापूर. हायवेच्या सर्व्हिस रोडवर एक नवं दुकान आहे. भिंतीवर अडकलेली गाडी ओढायचे विंच, दिवे, जाडजूड टायर. मालक अक्षय माझ्याच वयाचा, बोलायला गोड. त्यानं तीन प्रकार टेबलावर मांडल्यासारखे सांगितले. पहिला लिमिटेड स्लिप: रस्त्यावर शहाणा, काही दाबायला नको, पण चाक पुरतं हवेत गेलं की त्याचा जोर कमी पडतो. दुसरा ऑटोमॅटिक: आहे त्या डिफरेन्शियलच्या पोटात बसतो, आपोआप लागतो, वळणावर आपोआप सुटतो. तिसरा हवेवरचा: छोटा कॉम्प्रेसर, एक नळी, एक बटण. दाबाल तेव्हाच लागतो, एरवी गाडी जशीच्या तशी. खर्च ऑटोमॅटिकच्या तिपटीच्या घरात.

ऑटोमॅटिकवाली त्याची स्वतःची गाडी होती, ती त्यानं चालवायला दिली. सरळ रस्त्यावर काही कळत नव्हतं. पार्किंगमध्ये वळवली की मागून टक, टक, टक. वळणात जरा ॲक्सिलरेटर दिला आणि गाडीनं कंबर हलवल्यासारखा झटका दिला.

"सवय होते मॅडम."

"पावसात?" मी विचारलं.

"पावसात वळणावर पाय हलका ठेवायचा."

मी तात्यांच्या पायाकडे बघितलं. जाड वहाण, त्याखाली आयुष्यभर ट्रॅक्टर. हलका पाय हा त्यांचा गुण नव्हे.

तात्या दारात टायर दाबून बघत होते तेव्हा माझी नजर टिपलेला अक्षय हळूच म्हणाला, "तात्यांची भीती वाटत असंल तर हवेवरचा घ्या आणि बटण डॅशबोर्डच्या आत लपवून बसवू. त्यांना कळायचंबी न्हाई."

सोपा उपाय होता, आणि मोह झाला हे खरं सांगते. पण ज्या माणसानं मला "आधी उतरून बघ" शिकवलं, त्याच्यापासून गाडीतलीच वस्तू लपवायची? आणि मी आजारी असताना तेच ओढ्यात अडकले तर? मी "विचार करून सांगते" म्हणाले. माझं हे वाक्य दुकानदारांना पाठ असतं.

मलकापुरातून विटामार्गे तासगाव. हा रस्ता मोठा आणि सरळ आहे. मला तो आवडतो, कारण त्यावर वळणं कमी. विट्यात बसस्थानकाजवळ पिठलं-भाकरी खाल्ली. तिखट होतं, डोळ्यांत पाणी आणणारं. मला रडायला एक कारण मिळालं. तासगाव जवळ येताच दोन्ही बाजूंनी बेदाण्याची शेड सुरू होतात. हिरव्या जाळीच्या आत मजल्यामजल्यांनी पसरलेली द्राक्षं, आणि हवेला आंबटगोड वास.

इथं इस्माईलचाचांचं वर्कशॉप आहे. तात्या बागेत होते तेव्हा त्यांचा ट्रॅक्टर दुरुस्त व्हायचा तो इथेच. चाचांच्या स्वतःच्या जीपला हवेवरचा लॉकर आहे.

"आवं पाव्हणं! मेंढरं कुठं बांधली?" चाचांनी मिठी मारली.

"ही काय आणलीया," तात्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "इचारून इचारून डोस्कं खाती. सांबाळ आता."

गावाबाहेरच्या कोरड्या ओढ्यात चाचांची जीप घातली. तात्या स्टिअरिंगवर, मी शेजारी, चाचा मागे. तात्यांनी आधी उतरून वाळू पायानं चाचपली, मग गाडी घातली. मुद्दाम मोठ्या दगडावर चाक चढवलं. दुसरं अधांतरी झालं, फिरायला लागलं. त्यांनी बटण दाबलं. खट्. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला, आणि जीप कुणी मागून ढकलल्यासारखी शांतपणे वर आली. मी श्रावणापासून पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

तो श्वास पुरा झाला नाही. ओढ्यातून वर आलं की लगेच डांबरी रस्ता, आणि डावीकडे वळायचं. तात्यांनी स्टिअरिंग वळवलं. गाडी वळलीच नाही. टायर किंचाळले, नाक सरळ पलीकडच्या बाजूला निघालं. समोरून एसटी येत होती. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, तात्यांनीही. दोन्ही गाड्या थांबल्या तेव्हा मला एसटीच्या काचेवरचा लिंबू-मिरचीचा धागा स्पष्ट दिसत होता.

"ओ काका! वळवायचं असतंय!" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला. "स्टिअरिंग काय शोभेला लावलंय व्हय?"

लाल दिवा लागलेलाच होता.

"लॉक सोडायचं राहिलं, भाऊ," चाचा हळू म्हणाले.

"सोडलं की मी," तात्या म्हणाले.

चाचांनी मागून दिव्याकडे बोट दाखवलं. ते परत म्हणाले, "सोडलं हुतं मी." आणि मग दिव्याकडे बघत राहिले.

खाली उतरून त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "तूच चालव. आपली बी आता तूच चालवत जा."

मी आयुष्यात अनेक गोष्टींना भ्याले आहे, पण त्या किल्लीइतकं वजन कशाचंच नव्हतं. आपण केलेली गोष्ट आणि केली असं वाटलेली गोष्ट, यातला फरक तात्यांना कळेनासा झालाय, असं मला वाटलं. औषधाची पिशवी आठवली. बहिणीचं नाव आठवलं. मुक्काम चाचांच्याच घरी होता. चाचींनी मटणाचा रस्सा केला होता, भाकरी बोटाएवढ्या जाड आणि मऊ. तात्या एरवी दोनदा रस्सा मागतात. त्या दिवशी त्यांनी ताटात हात धुतला आणि जागेवरून उठले.

सकाळी आम्ही परत वर्कशॉपवर गेलो, निरोप घ्यायला. लिमिटेड स्लिप बसवायचा, नाहीतर काहीच नाही, असं मी ठरवलं होतं. गाड्या धुण्याच्या जागेवर एक ट्रॅक्टर वाट अडवून उभा होता.

"भाऊ, तेवढा बाजूला घे की," चाचा म्हणाले.

तात्या माझ्याकडे बघत घुटमळले. मग चढले. खाली चिखल होता. एक मोठं चाक जागच्या जागी घसरायला लागलं. तात्यांची उजवी टाच सीटखालच्या, लॉकच्या पेडलवर गेली. ट्रॅक्टर पुढे सरकला. वळायच्या आधी टाच उचलली गेली, ट्रॅक्टर सुतासारखा वळला आणि भिंतीला लागून उभा राहिला. हे सगळं चाललं असताना तात्या चाचांच्या कुत्र्याला शिव्या देत होते.

मी धावतच गेले. "तात्या, आत्ता लॉक कधी सोडलंत?"

"सोडायचं काय त्यात?" ते वैतागले. "टाच उचलली की सुटतंच की!"

ट्रॅक्टरचं लॉक पायाखाली असतं तोवरच असतं. पाय उचलला की स्प्रिंग त्याला सोडवते. जीपचं बटण मात्र एकदा दाबलं की दाबलेलंच. काल तात्यांनी बटणावरून बोट उचललं होतं. त्यांच्या हिशेबानं त्यांनी लॉक सोडलं होतं. ते खोटं बोलत नव्हते आणि विसरलेही नव्हते. त्यांच्या अंगाला फक्त एकच लॉक माहीत होतं.

"चाचा, दाबून धरलं तरच चालू राहील असं बटण बसवता येईल? हॉर्नसारखं? पण पायाखाली?"

चाचा आमच्या जीपचं दार उघडून पेडलांकडे वाकले. "उजवा पाय रेसवर असतो जीपात. डावीकडं, क्लचच्या पलीकडं. पूर्वी हेडलाईटच्या डिपरचं बटण असायचं तिथं."

तात्यांना मी तिथेच सगळं सांगितलं, लपवण्याचा सल्लाही सांगितला. ते इतक्या मोठ्यानं हसले की कुत्रं पळालं. "लपीव की! मेंढरं राखलीत मी. लपल्यालं हुडकण्यात जन्म गेला."

मग डोळे पुसत म्हणाले, "म्हंजी मी इसरलो न्हवतो."

"नव्हता विसरला."

जीप तिथेच ठेवून आम्ही एसटीनं विटा, मायणी करत वडूजला परतलो. लॉकर येऊन बसेपर्यंत बरेच दिवस गेले, आणि त्या दिवसांत मी चाचांना फोन करून करून बेजार केलं. नळी कुठून नेली, ती एक्झॉस्टपासून लांब आहे ना, दिवा तात्यांना उन्हातही दिसेल ना. दिव्यासोबत एक बारीक बझरही बसवून घेतला. चाचा म्हणाले, "बाय, तुझ्या पोटात बसवायला पायजे बझर."

तुम्ही अशाच विचारात असाल तर माझं मत माझ्या गाडीपुरतं धरा. जीप फक्त सुट्टीत डोंगरावर जात असेल तर तुम्हाला दुसरं काही योग्य वाटेल. रोजची असेल तर मोकळ्या रस्त्यावर पूर्ण सुटणारा लॉकर बघा. खर्च जास्त आहे, तो मलाही जड गेला. एक गोष्ट मात्र दुकानात कुणी विचारत नाही: गाडी आणखी कोण चालवतं, आणि त्याच्या हातापायांना आधीपासून काय माहीत आहे? ते आधी बघा. पाय उचलल्यावर लॉक क्षणात सुटतंच असंही नाही. चाकांवर ताण असेल तर चार हात सरळ जाऊ द्यावं लागतं. हे मी तात्यांना इतक्यांदा सांगितलंय की आता ते माझ्या आधी म्हणतात.

माझी काळजी गेली का? नाही. तात्यांची पिशवी विसरण्याची सवय आहेच, आणि मी आता त्याबद्दल त्यांच्याशीच बोलते. पुढच्या महिन्यात डॉक्टरांना दाखवायचं ठरलंय. ते म्हणाले, "दाखव, पर जनावरांच्या डाक्टराला न्हाई."

परवा आमच्याच ओढ्यात जीप घातली, पहिल्यांदा. तात्या स्टिअरिंगवर, आई मागे, पदर घट्ट धरून. दगड आला, चाक उचललं, तात्यांचा डावा पाय बटणावर गेला. लाल दिवा. बझर. जीप वर आली. पुढे डांबर, उजवीकडे वळण. माझे डोळे त्यांच्या पायावर खिळलेले. पाय उचलला गेला, बझर थांबला, दिवा विझला, गाडी वळली.

"पायात काय बघतीयास?" तात्या म्हणाले. "रस्ता म्होरं हाय."