कौतिक नारखेडेचं शिफारसपत्र

आमच्या खानदेशात भावाभावांत वैर होतं ते बांधावरून, नाहीतर विहिरीच्या पाण्यावरून. कौतिक नारखेडेने वैर धरलं ते एका कागदावरून, आणि धरलं ते आठ वर्षं सोडलं नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. त्या वैराचा शेवटचा कागद मी माझ्या हाताने टाइप केला आहे.

मी अभिमन, मूळचा शिंदखेड्याचा. धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत टंकलेखक होतो. कौतिक १९८८ साली तिथे ज्युनियर इंजिनियर म्हणून आला आणि चौथ्या गल्लीत, भिकुबाईंच्या घरात, माझ्याच खोलीत राहायला लागला. गडी अंगाने काटकुळा, बोलायला कमी. नोकरी लागल्याचा आनंद म्हणून तोंडावर नव्हता. मला आधी वाटलं, शिष्ट आहे. मग कळलं की हा अमेरिकेला जायचा राहिलेला माणूस आहे.

घर असोद्याचं, केळीचं. जळगावला इंजिनियरिंग शिकताना अमेरिका त्याच्या डोक्यात शिरली. तिकडच्या परीक्षेला लागणाऱ्या इंग्रजी शब्दांचं जाड पुस्तक तेव्हा त्याच्या ओळखीत एकाच मुलाकडे होतं. ते चार-चार दिवस मागून आणून त्याने साडेतीन हजार शब्द वह्यांत उतरवले. एसटीत तेच, जेवताना तेच. केळीला पाणी भरायला गेला की वही हातात आणि पाणी शेजारच्याच्या शेतात. त्याचे वडील शालिग्रामनाना बांधावरून म्हणायचे, "पानी कुठी चाललं अन् तू कुठी चालला रे बापा." पण पोराने मुंबईला जाऊन तिकडच्या दोन्ही परीक्षा, एक गणित-शब्दांची आणि एक नुसत्या इंग्रजीची, दिल्या आणि गणितात आठशेपैकी आठशे आणले. नानांनी तो कागद मारुतीपुढे ठेवला.

मार्क आले, तरी भागत नव्हतं. तिकडच्या विद्यापीठांना शिकवणाऱ्याचं शिफारसपत्र लागतं, तेही बंद पाकिटात. पाकीट चिकटवायचं आणि जोडावर सरांनी आडवी सही करायची. ती फाटलेली दिसली की पत्र बाद. हुशार मुलं मजकूर स्वतःच लिहून न्यायची आणि सर खाली सही ठोकायचे. सगळीकडे हेच चालायचं. पण कौतिक पडला असोद्याचा. आपलं कौतुक आपण कसं लिहावं? तो विभागप्रमुख बऱ्हाटे सरांपुढे हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तुम्हालाच काय वाटेल ते लिहा." सरांनी आठवड्याने आठ पाकिटं दिली. सात गेली. आठव्या विद्यापीठाचा अर्ज टपालात रखडला, मुदत उलटली, आणि ते पाकीट ट्रंकेच्या तळाशी राहिलं. पुढे सातही ठिकाणांहून नकार आले.

ते उरलेलं पाकीट भिकुबाईंच्या खोलीत ट्रंक रिकामी करताना बाहेर आलं. मी म्हटलं, "फोड की." तर हा म्हणतो, "सरांची सही आहे, अभिमनभाऊ." त्याची मुदत जाऊन वर्ष होऊन गेलं होतं, तरी याला सही फाडवेना. शेवटी मीच फाडलं आणि त्याच्या हातात दिलं. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले. मग त्याने ते मला मराठीत सांगितलं.

"कौतिक नारखेडे हा अत्यंत आज्ञाधारक विद्यार्थी आहे. चार वर्षांत त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. सांगितलेलं काम सांगितलं तसंच करतो, त्यात स्वतःचं काही घालत नाही. शेतकऱ्याचा मुलगा असल्याने थोडक्यात समाधानी असतो. त्याला मोठी हाव नाही. कोणत्याही संस्थेला त्याच्यापासून त्रास होणार नाही."

मी म्हटलं, "बरं लिहिलंय की." तो माझ्यावर असा खेकसला की शेजारच्या खोलीतला मुलगा डोकावून गेला. तिकडे संशोधन करायला माणूस हवा असतो, म्हणाला, आणि यांनी लिहिलं की हा बैल आहे, जुंपा. शिवाय प्रश्न विचारला नाही हे धडधडीत खोटं होतं. तिसऱ्या वर्षाला सरांनी फळ्यावर तुळईचं गणित सोडवताना चूक केली होती आणि सगळ्या वर्गात हा एकटा उठून म्हणाला होता, "सर, असं कसं?" सर दोन मिनिटं फळ्याकडे बघत राहिले, फळा पुसला आणि तास सोडून गेले. कौतिकला आता सगळा हिशेब लागला. त्या दिवसाचा अपमान सरांनी गिळला होता आणि वर्षाने बंद पाकिटातून उट्टं काढलं होतं. 'एकही प्रश्न विचारला नाही' हा टोमणा होता.

मला पटलं. खरं सांगायचं तर आवडलंही. कचेरीत ज्यांनी मला दहा वर्षं एकाच खुर्चीत बसवलं, त्या साहेबांची यादी माझ्याही खिशात होती. माझ्यात धमक नव्हती, याच्यात होती. मी त्याची आग फुंकत राहिलो.

पुढच्या वर्षी त्याने संध्याकाळचा वर्ग सुरू केला. फी नाही. धुळे, शिरपूर, दोंडाईचा, जिकडून पोरं येतील त्यांना तो अमेरिकेच्या परीक्षेचे शब्द आणि गणितं शिकवायचा. सुट्टीत ती पोरं आमच्या कचेरीत प्रशिक्षणाला यायची, म्हणून त्याच्या शिफारसपत्रालाही वजन होतं. पहिल्याच दिवशी तो सांगायचा, "पत्राचा मजकूर स्वतः लिहून आणा. कोणावर सोडू नका." वर्षाला दोन-तीन जायचीच. भिकुबाई दारात तांदूळ निवडत म्हणायच्या, "बठ्ठा पोरेस्ले अमेरिकाले धाडस, अन् हाऊ आठेच बशेल शे." सगळ्या पोरांना धाडणारा स्वतः इथेच बसलेला, याचं त्यांना नवल वाटायचं.

मधल्या काळात त्याचं लग्न झालं, पलीकडच्या गल्लीत बिऱ्हाड झालं, मुलगी झाली. पण बऱ्हाटे सरांचा मुलगा कितवीत आहे, हे त्याला आपल्या मुलीच्या वाढदिवसापेक्षा नीट माहीत असायचं. पंडित दहावी झाला, पंडित बारावी झाला, पंडितने धुळ्यालाच इंजिनियरिंगला प्रवेश घेतला. मला बातमी सांगताना तो चहाचा कप हळूच खाली ठेवायचा. त्याची बायको कुंदा एकदा वैतागून मला म्हणाली, "भाऊ, यांना सांगा ना, तो कागद जाळून टाका म्हणावं." मी हसून विषय टाळला. नानांनीही एकदा सांगून पाहिलं होतं, "मास्तर मानूस कोनाचं मुद्दाम वाईट लिहित नही बापा." कौतिकने वडिलांशी महिनाभर बोलणं सोडलं.

१९९५च्या जूनमध्ये पंडित बऱ्हाटे आपल्या पायाने वर्गात आला. वडिलांनीच पाठवलं होतं. पोरगं गोरं, चष्मा लावलेलं आणि तोंडाचं अखंड सुरू. "सर, हे असंच का? सर, उलट केलं तर?" वर्ग कंटाळायचा, कौतिक कंटाळायचा नाही. मला वाटलं होतं, हा त्याला चुकीचं शिकवील. तसं विचारलंही. कौतिक म्हणाला, "शिकवण्यात खोट ठेवणार नाही. मला शिकवण्याने नाही मारलं." आणि खरंच त्याने त्याला तासून काढला. पंडितला इंग्रजीत कौतिकपेक्षाही जास्त मार्क मिळाले. पोरगं पेढे घेऊन आलं, पाया पडलं आणि विचारलं, "सर, पत्राचा मजकूर लिहून आणू?"

"तुझं मी लिहीन," कौतिक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर त्याने तो जुना कागद माझ्या टाइपरायटरशेजारी ठेवला. "अक्षर न् अक्षर हेच. फक्त नाव बदल, चार वर्षांच्या जागी चार महिने, आणि शेतकऱ्याच्या जागी प्राध्यापकाचा मुलगा." मी पाच प्रती काढल्या. बोटं माझी होती आणि बोटांना मजा येत होती, खोटं कशाला बोलू? कौतिकने पाच पाकिटं चिकटवली, जोडावर आडव्या सह्या केल्या आणि स्वतः पोस्टात रजिस्टर करून आला. त्या दिवशी आम्ही दोघांनी आग्रा रोडवर भजी खाल्ली. एवढा हसलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

त्याला एकच गोष्ट बाकी होती. सरांना ते कळायला हवं होतं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत.

जानेवारीत सर आले. जळगावच्या गाडीने, हातात भरताच्या वांग्यांची पिशवी घेऊन. निवृत्तीला आले होते, गुडघे दुखत होते. कचेरीत कौतिकपुढे बसले आणि मुलाला शिकवलं म्हणून आभार मानायला लागले. कौतिकने खणातून पंडितच्या पत्राची कार्बन प्रत काढली आणि पुढे सरकवली. "वाचा सर. तुमच्या मुलासाठी काय लिहिलं ते वाचा."

मी टाइप करायचं थांबलो. सरांनी चष्मा पुसला आणि पत्र एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. डोळ्यांत पाणी आलं. मी कौतिककडे पाहिलं, तो खुर्चीत ताठ झाला होता.

"किती चांगलं लिहिलंस रे," सर म्हणाले. "मी तुझ्यासाठी लिहिलं होतं, अगदी तसंच. तुझ्या हातात ते कसं आलं?"



सर आपल्याच नादात बोलत राहिले. "माझ्याच्यानं होईल तेवढं चांगलं लिहिलं होतं मी. तो फळ्यावरचा प्रकार आठवतो? तू बरोबर होतास, मीच चुकलो होतो. दोन रात्री झोप नव्हती मला. पण परक्या लोकांना वाटलं असतं, पोरगं उद्धट आहे, मास्तरला उलट विचारतं. म्हणून मुद्दाम लिहिलं, याने कधी प्रश्न विचारला नाही. तेवढं एक खोटं मी आयुष्यात लिहिलं. आमच्या पंडितला तर ती खोडच आहे. तूही त्याची खोड झाकलीस. फार उपकार झाले." मग घोटभर चहा घेऊन त्यांनी सहज विचारलं, "पण तू का नाही गेलास रे? मला वाटलं, नानांनी सोडलं नसेल."

"हो," कौतिक म्हणाला. "नानांनी सोडलं नाही."

सर गेल्यावर मी टाइपरायटरमध्ये कोरा कागद घातला. पाचांपैकी तीन विद्यापीठांची मुदत अजून महिनाभर होती, तिकडे नवं पत्र धाडता आलं असतं. मी म्हटलं, "सांग, काय लिहू." त्याने खण बंद केला. मग मीच लिहिलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, की हा मुलगा सतत प्रश्न विचारतो आणि त्याचे प्रश्न उत्तरांपेक्षा चांगले असतात. कौतिकने ते वाचलं. दोन ठिकाणी व्याकरण सुधारलं. सही केली नाही.

"सरांनी दुष्टपणा केला असता तर मी आज सोडून दिलं असतं," तो म्हणाला. "माझी सात विद्यापीठं गेली ती सरांच्या प्रेमाने गेली. त्याची भरपाई कोणाकडे मागू?"

मी दोनदा पेन पुढे केलं. तिसऱ्यांदा माझी हिंमत झाली नाही. तो कागद त्याच्या खणात राहिला आणि मुदत गेली.

मार्चपासून नकार यायला लागले. पाचवा आला त्या दिवशी पंडित थेट कचेरीत आला. रडला वगैरे नाही. पाचही कागद टेबलावर एकाखाली एक मांडले आणि म्हणाला, "मार्क चांगले आहेत. निबंध तुम्ही तपासला होता. मग उरलं फक्त एक. सर, माझ्या पत्रात काय होतं?"

मला वाटलं, आता हा सांगेल, नाहीतर खोटं तरी बोलेल. दोन्ही मला चाललं असतं.

कौतिकने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "तुझ्या वडिलांनी वाचलंय ते," तो म्हणाला. "दोनदा वाचलंय. त्यांना तोंडपाठ असेल. घरी जा आणि त्यांना म्हणायला सांग."

या पोराला अमेरिकेच्या शिफारसपत्रात काय लिहायचं असतं आणि काय नसतं, हे कौतिकनेच शिकवलं होतं. पहिल्या दोन वाक्यांत त्याला सगळं कळणार होतं, आणि सर ते अभिमानाने म्हणून दाखवणार होते. मला त्या क्षणी उठून पंडितला अडवायचं होतं. मी उठलो नाही, त्याची लाज मला आजही वाटते. पंडितने कागद गोळा केले, नमस्कार केला आणि दुपारच्या जळगाव गाडीला निघून गेला.