माहेरवाशिणीचा कप

बाबा गेले, त्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात आत्या साताऱ्याहून आमच्या लंडनच्या, वेम्बलीतल्या फ्लॅटवर आली. ही बाबांची थोरली बहीण. महिनाभर राहून जाते म्हणाली, आणि बर्फावरून घसरून पाय दोन ठिकाणी मोडून घेतला. पाय प्लास्टरमध्ये, परतीचं तिकीट पुढे ढकललेलं. जिभेला हाड नव्हतं, पण चहा लागायचा तो आईच्याच हातचा.

आई शाळेच्या किचनमध्ये अर्धवेळ काम करायची. तेवढ्यात भाडं भागत नसे, म्हणून कौन्सिलकडून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडून, हाउसिंग बेनिफिट मिळायचं. एकदा भिंतीची ओल बघायला कौन्सिलचा माणूस आला. सोफ्यावर पाय पसरून बसलेल्या आत्याकडे बघून त्याने सहज विचारलं, या इथेच राहतात का? आता नणंदेच्या तोंडावर आई काय म्हणणार? "येस येस, दिस इज हर हाऊस!" आपल्यात कुणीही हेच म्हटलं असतं. त्याने ते लिहून घेतलं.

मग पत्र आलं. घरात आणखी एक मोठं माणूस राहतं, ते तुम्ही कळवलं नाहीत, त्यामुळे बेनिफिट जास्त दिलं गेलं; आता ते दर आठवड्याला कापून घेऊ. फ्लॅट एवढासा, मी आईला वाचून दाखवलं ते आत्यानेही ऐकलं. तिने मुकाट्याने हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या आणि एका पायावर उभी राहून बॅग भरायला घेतली.

आईने बांगड्या परत तिच्या हातात चढवल्या. "वन्सं, तुमचा भाऊ गेला, माहेर नाही गेलं. माहेरी आलेली बाई घेऊन जाते, देऊन नाही." मग मला म्हणाली, "लिही कौन्सिलला, आम्हाला मान्य नाही."

सुनावणीची तारीख मिळेपर्यंत हिवाळा सरून रस्त्याकडेला डॅफोडिल्स फुलले. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि दुभाषी म्हणून सोबत गेले. बसमध्ये आईला पढवलं, "जस्ट से, की ते तू पोलाइटली म्हणालीस. ओके?" आई खिडकीबाहेर बघत होती.

लांबलचक टेबलामागे तीन नगरसेवक बसले होते. मधल्या बाईंनी नेमकं तेच विचारलं: हे तिचं घर आहे असं तुम्ही म्हणालात, ते खोटं होतं का?

मी आईला कोपराने ढोसलं.

"नो," आई म्हणाली. "ट्रू."

झालं! मी कपाळाला हात लावला. आई मात्र उठून उभी राहिली. परक्या माणसांशी तिला दोन वाक्यांपलीकडे इंग्रजी बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"मॅडम, हर होम इज इन सातारा. हजबंड, सन, किचन, एव्हरीथिंग. दिस इज हर ब्रदर्स हाऊस. हियर शी इज नॉट लिव्हिंग. हियर शी इज रेस्टिंग."

सासरी जन्मभर राबणाऱ्या बाईला माहेरी कामाला हात लावू देत नाहीत, हे तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत पण ठणकावून सांगितलं. "सिन्स शी केम, नॉट वन कप शी वॉश्ड. इफ शी इज लिव्हिंग, विल आय अलाऊ?"

बाईंनी चष्मा काढला. "देन हू डझ द वॉशिंग अप?"

आईने माझ्याकडे बोट दाखवलं, आणि तिघेही हसले.

पुढे त्यांनी तिकीट, व्हिसा, साताऱ्याचा पत्ता, सगळं तपासलं. तरी केस त्या कपानेच जिंकली, असं मी आजही छातीठोकपणे सांगते. दुभाषी म्हणून गेलेली मी तोंडही न उघडता घरी आले. आईचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

निकालाचं पत्र आलं. आत्या पाहुणी ठरली होती. एक पेनीही कापली जाणार नव्हती. त्याच आठवड्यात तिचं प्लास्टर निघालं. चहा झाल्यावर ती काठी टेकत उठली आणि आपला कप घेऊन सिंककडे निघाली.

आईने तो वाटेतच काढून घेतला. "बसा वन्सं. हे घर तुमचंच आहे."

"आई, हळू बोल," मी म्हटलं. "कौन्सिल ऐकेल."

"ऐकू दे," आई म्हणाली, आणि कप माझ्या हातात दिला.