उन्हात राहिलेली बाटली

दुपारचं जेवण झालंय आणि कुमुदताई टेंगसे सोफ्यावर आडव्या झाल्यात. झोपायचं नाही असं त्यांनी स्वतःला बजावलंय. पण एकसष्टाव्या वर्षी पापण्या कुणाचं ऐकतात? चार वाजता वनिता यायचीय. पशुवैद्यक कॉलेजच्या ज्या प्रयोगशाळेत तिचे वडील, धोंडिबाकाका घुगे, सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्ट्या रंगवायचे, तिथेच ती आता नोकरीला लागलीय. सकाळी फोनवर तिनं सरळ विचारलं, "ताई, आमच्या आबांना तिथून गोठ्यावर का हलवलं होतं? आबा गेले, पण घरी कधी बोलले नाहीत." "ये, सांगते," असं म्हणाल्या खऱ्या, पण काय सांगायचं ते ताईंनी अजून ठरवलेलं नाही.

पंख्याची घरघर मंद होते. सोफ्याच्या टोकाशी धोंडिबाकाका उभे आहेत, अंगात खाकी डगला. मेलेला माणूस बंद दारातून आत कसा आला, हे विचारायचं ताईंना सुचतच नाही.

"उठा ताई, मेंढ्याची पट्टी लावलीय."

टीपॉयवर सूक्ष्मदर्शक आहे. टीपॉय कुठला, प्रयोगशाळेचा ओटाच तो. ताई डोळा लावतात. वृषणाचा पातळ काप, त्यात गोल गोल नळ्या, आणि नळीच्या काठापासून मध्याकडे सरकत घडत जाणाऱ्या शुक्रपेशी.

"टोप्या दिसल्या का?"

शुक्राणू घडताना त्याच्या डोक्यावर इवलीशी टोपी चढते, आणि शिफ नावाच्या रंगवायच्या औषधात ती किरमिजी होते. टोपी केवढी झाली त्यावरून पेशी कुठवर आली ते कळतं. हे ताईंना शिकवलं ते काकांनीच, पुस्तकानं नव्हे.

"नाही काका. एकही नाही."

"कशा दिसतील? औषध मेलेलं."

ओटा लांबच लांब होतो. टोकाला ऊन आहे, उन्हात शिफची बाटली. पाण्यासारखं नितळ असायला हवं ते औषध गुलाबी पडलंय. काका चार दिवस रजेवर होते, आणि सिनेमाला पळायच्या घाईत तेव्हा पीएचडी करणाऱ्या कुमुदनं बाटली फ्रीजबाहेर ठेवली. नंतर गुपचूप आत सरकवली. फॉर्मलिनमध्ये एक थेंब टाकून आधी पारख करायची असते, तीही केली नाही, आणि साठ मेंढ्यांचे काप एका बैठकीत रंगवून वाया घालवले. प्रयोगशाळेच्या साहेबांनी विचारल्यावर "काकांनी बाहेर ठेवली असेल" म्हणाली तीही कुमुदच. किती सहज म्हणाली! ताईंना अजून त्याची लाज वाटते.

ओट्यामागे आता भिंत नाही, गोठा आहे. काका त्याच डगल्यात शेण ओढतायत.

"काका, तुम्हाला ठाऊक होतं?"

"तर! रजेवर जाताना बाटली मीच आत ठेवली होती की."

"मग साहेबांपुढं बोलला का नाहीत?"

काकांचं फावडं थांबतं. "तुम्ही बोलाल म्हणून थांबलो, ताई."

अकरा वर्षं थांबले ते. निवृत्त होईपर्यंत. ताईंना रडू आवरत नाही, आणि काका मात्र रागावत नाहीत, हेच त्यांना सोसत नाही.

काका एक कोरी काचपट्टी पुढं करतात. "कुणी रंगवली त्याचं नाव घाला."

ताई पेन चाचपतात.

"पेन नको. अल्कोहोलात धुऊन जातं. पेन्सिलीनं."

पट्टीच्या खरखरीत टोकावर ताई लिहू लागतात.

बेल वाजते.

ताई दचकून उठतात. चार वाजलेत. पोटावर वर्तमानपत्र आहे, बोटांत शब्दकोड्याची पेन्सिल. कोड्याच्या चौकोनांवरून आडवी एक ओळ गेलीय. अक्षर त्यांचंच, जरा तिरकं: 'बाटली मी बाहेर ठेवली होती. कुमुद.'

खोडरबर कुठल्या खणात आहे, हे त्यांना क्षणभर आठवतं. हो, आठवतं, लपवायची इतक्या वर्षांची सवय ती. मग पान फाडून घेऊन त्या दार उघडतात. वनिता हसत चपला काढू लागते.

"थांब," ताई म्हणतात. "आधी हे वाच. आत यायचं की नाही, ते मग ठरव."