तीन दारांवरचे कुंकू

गाडीतून उतरताना दार ढकलण्याआधी तुम्ही मागे वळून पाहता का? खरे सांगा. पोलीस खात्यात असताना मी हा प्रश्न खूप जणांना विचारला आणि सगळे "पाहतो की" असेच म्हणाले. ज्याच्याबद्दल हे लिहितो आहे, तोही तेच म्हणाला होता.

नोकरीतली एक विजयादशमीची सकाळ माझ्या मनातून काही केल्या जात नाही. तेव्हा मी चेन्नईत, जुन्या महाबलीपुरम रस्त्यालगतच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. आदल्या दिवशी आयुधपूजा झाली होती. तमिळनाडूत त्या दिवशी यंत्रांना, गाड्यांना चंदन-कुंकू लागते, गाडीच्या पुढे केळीची रोपे बांधतात आणि दृष्ट काढून कोहळा रस्त्यावर फोडतात. त्या कोहळ्यांवरून दुचाक्या घसरतात, हे प्रत्येक ठाण्याला पाठ असते. म्हणून एक बाई मोटर बसवलेल्या सायकलवरून पडल्याची खबर आली, तेव्हा माझ्या उपनिरीक्षकाने जागेवर पोहोचण्याआधीच निकाल लावला.

"कोहळा, सार. दरवर्षीचं आहे. स्वतःच्या चुकीने पडल्या, असं लिहून टाकतो."

बाई सरकारी शाळेत शिक्षिका होत्या. विजयादशमीला तिकडे लहान मुलांना शाळेत घालतात, त्यांचे बोट धरून तांदळात पहिले अक्षर काढून घेतात. त्यासाठीच त्या निघाल्या होत्या. त्यांच्या मांडीचे हाड मोडले, खांदा निखळला.

पंचनाम्याला, आमच्याकडे त्याला महजर म्हणतात, मी स्वतः गेलो. सायकलजवळ कोहळा फुटलेला होता खरा, पण चाकांना त्याची एक बीसुद्धा चिकटलेली नव्हती. डाव्या ब्रेकचा दांडा मात्र वाकला होता आणि त्याच्या टोकावर पांढरा रंग खरवडून आला होता.

"ही कशाला तरी धडकली आहे," मी म्हणालो.

"पन्नाशीची बाई, मोटरची सायकल आणि हा रस्ता, सार. धडकणारच." उपनिरीक्षक हसला. "नंबर प्लेटसुद्धा नाही. हिला गाडी धरायची की सायकल?"

"दवाखान्यात आहे ते माणूस आहे. तेवढं धर."

दवाखान्यात माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून बाईंचे पती मराठीत बोलू लागले. माझ्यासारखेच तंजावरकडचे मराठी, रेल्वेतून निवृत्त झालेले. "साहेब, किती वेळा सांगितलं, कडेकडेने जात जा. ऐकत नाही. ती सायकल आता मी देऊन टाकणार."

बाई डोळे मिटून पडल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "कडेने गेले म्हणूनच पडले. उभ्या गाड्यांपासून मी रोज दाराएवढं अंतर सोडते. आज मागचा गाडीवाला हॉर्नवरून हात काढेना. खिडकीतून शिव्या देत होता. घाबरून उभ्या गाड्यांकडे सरकले. पुढचं आठवत नाही." मग डोळे उघडून म्हणाल्या, "माझी चूक म्हणून लिहू नका हो. मुलांना रस्त्यावर कसं चालायचं ते मीच शिकवते. कुठल्या तोंडाने उभी राहू त्यांच्यासमोर?"

दांड्यावरचा पांढरा रंग उभ्या गाडीच्या दाराचा असणार, हे आता कळले. मी बाहेर आलो तो संतापूनच. रस्त्याचा मालक चारचाकीवाला आणि बाकीचे भाडेकरू, अशा करारावर कुणी सही केली आहे? सायकल कडेला दाबायची, कडेला उभ्या गाडीचे दार तिच्या तोंडावर उघडायचे आणि वर विचारायचे, बाई, या वयात ही हौस कशाला?

माझ्या हेड कॉन्स्टेबलला, त्यांना सगळे एट्टय्या म्हणत, जवळच्या फुलवालीने माहिती दिली. पांढऱ्या गाडीचे दार उघडले, बाई उडाली. माणूस उतरला, पाहिले, परत बसून निघून गेला. तो तिच्याकडून फुले घेतो, मागच्या इमारतींमध्ये कुठेतरी राहतो. गाडीला पुढे केळीची रोपे होती.

"सार," एट्टय्या म्हणाले, "आज चेन्नईत केळी न बांधलेली पांढरी गाडी शोधायला सांगा. ती पटकन सापडेल."

आम्ही त्या इमारतींच्या तळघरात गेलो. पांढऱ्या गाड्यांची रांगच होती, सगळ्या नटलेल्या. मी प्रत्येकीला फेरी घालत गेलो आणि एका गाडीपाशी थांबलो. तिच्या तीन दारांवर चंदन आणि कुंकू होते. चालकाचे दार मात्र लख्ख धुतलेले. पूजा केलेली गाडी दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कोणी धूत नाही. चंदन वाळून आपोआप झडू देतात. आणि धुतलीच, तर एकच दार कोण धुतो?

मालक शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होता.

"एकच दार का धुतलं?"

"पक्ष्याने घाण केली होती."

"दाराच्या कडेवर? तिथे रंगही उडाला आहे."

"जुनं असेल. मी नेहमी मागे पाहूनच दार उघडतो."

मी त्याला ठाण्याच्या आवारात त्याच्याच गाडीत बसवले. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलत राहिलो. मग म्हणालो, "चला, आत चहा घेऊ." त्याने उजव्या हाताने दार सताड ढकलले. नजर फोनवर होती. बाहेर उभे असलेले एट्टय्या मागे सरले, तरी कड गुडघ्याला लागलीच.

"पाहिलंत, सार," एट्टय्या गुडघा चोळत म्हणाले, "मी तर सायकलवरसुद्धा नव्हतो."

त्या माणसाने फोन खाली ठेवला. "कोहळा तिथे फुटलेलाच होता," तो म्हणाला. "मला वाटलं, सगळे तेच समजतील."

त्याचा अंदाज बरोबर होता, हेच मला जास्त झोंबले. माझे ठाणे तेच समजले होते. दांड्यावरचा रंग त्याच्या दाराशी जुळला, निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा नोंदवला गेला आणि बाईंच्या नावापुढची चूक पुसली गेली. हॉर्न वाजवणारा मात्र सापडला नाही. त्याने कुणाला स्पर्शही केला नव्हता. तो बहुधा वेळेवर पोहोचला असेल आणि हे सगळे त्याला माहीतही नसेल.

पुढच्या विजयादशमीला बाई त्याच सायकलवरून शाळेत गेल्या. उभ्या गाड्यांपासून दाराएवढे अंतर ठेवून. पती मागून स्कूटरवर होते, आणि मागे हॉर्न वाजला की तेच वळून डोळे वटारत होते.

या प्रकरणाने मला शिकवले की रस्त्यावर गुन्हा करायला वेग लागत नाही. उभी गाडी पुरते. म्हणून तुम्हाला सांगतो, आजपासून गाडीचे दार लांबच्या हाताने उघडा. चालकाने डाव्या हाताने, डाव्या बाजूला बसलेल्याने उजव्या. हात आडवा नेला की खांदा वळतो, खांदा वळला की मान वळते आणि मागून येणारे माणूस दिसते. आणि पुढे कुणी सायकल कडेपासून लांब चालवत असेल, तर हॉर्नवरचा हात काढा.